वेदीला बांधलेलं बोकड

बोरदऱ्याच्या चतुराबाईला लिहितावाचता येत नव्हतं, आन् सगळा घोळ तिथंच होता. शिकलेलं माणूस देवाचं वचन ऐकतं आन् लगेच त्यातून बारीक पळवाट काढतं. म्हणतं, याचा मूळ अर्थ निराळा हाय; त्या काळी तशी रीत होती; हे आपल्याला लागू न्हाई. चतुराबाईला पळवाटेचं शिक्षणच मिळालं नव्हतं. देवळात शुभवर्तमान वाचलं की ते तिला डॉक्टरच्या चिठ्ठीवानी. सकाळी एक गोळी, सांजच्याला एक. डॉक्टरला कोण विचारतं का, साहेब, ह्या गोळीचा मूळ अर्थ काय?

आष्टीच्या अंगाला, डोंगर जिथं पाय पसरून बसल्यावानी सपाटीला येतो, तिथं बोरदरा. गावात ख्रिस्ती घरं अकरा. त्यांचं पत्र्याचं देऊळ डांबरी रस्त्याला खेटून, आन् देवळामागं चतुराबाईचं दोन खोल्यांचं घर. नवरा जाऊन बारा वर्सं झालेली. एकुलती लेक उज्ज्वला जामखेडला दिलेली. चतुराबाईपाशी सात शेळ्या, नऊ कोंबड्या आन् एक आवाज. आवाज असा की ती गीत म्हणायला लागली की पेटीवाला आपली पट्टी सोडून तिच्यामागं पळायचा, आन् पल्याड मारुतीच्या पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, "चला, रविवार उगवला."

एकदा देवळात तिनं ऐकलं, कुणी तुझी बंडी घेतली तर त्याला अंगरखा बी देऊन टाक. पंधरा दिवसांनी एक भुरटा तिच्या दोरीवरची गोधडी उचलून पळाला. चतुराबाईनं बघितलं, आत गेली, पेटीतली सोलापुरी चादर काढली आन् निघाली त्याच्यामागं पळत. "आरं थांब! ही ऱ्हाईली! ही बी न्यायची असती!" तो बापडा वळून बघतो तर बाई हातात कायतरी फडकवत अंगावर येतीय. त्यानं गोधडी टाकली आन् ओढ्यात उडी घेतली. गाव हसून लोळलं. चतुराबाई मात्र महिनाभर हळहळत होती. म्हणायची, "आज्ञा अर्धीच ऱ्हाईली गं माझी."

तर असल्या बाईपुढं, दिवाळीच्या तोंडावर, नव्या पाळकानं मत्तयाचा पाचवा अध्याय उघडला.

दिवस हंगामाच्या उपासनेचा होता. वर्साचं पहिलं जे काय निघालं ते त्या दिवशी देवापुढं न्यायचं. बाजरीची कणसं, सोयाबीनची पाटी, भोपळे, केळीचा घड, झेंडूच्या माळा. ज्याला शेत न्हाई त्यानं कोंबडी न्यावी, अंडी न्यावी. माणसं रांगेनं वेदीपाशी जात होती आन् चतुराबाई रांगेत पहिली होती. तिच्या हातात दावं, दाव्याला वर्सभर देवासाठी राखलेलं काळंबांडं बोकड. माहेरी आलेली उज्ज्वला बायकांत बसलेली. पुढच्या खुर्चीवर उज्ज्वलेचा सासरा, रामप्रसाद मास्तर. रिटायर माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. चतुराबाई त्या दोन पेनांना लई भ्यायची.

पाळक अभिमन्यू चार महिन्यांखाली नगरकडून आलेला. तरणा, चष्मेवाला, बोलणं पुस्तकासारखं. त्यानं वाचलं त्याचा मतलब असा: तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास, आन् तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही हाय, तर अर्पण तिथंच वेदीपुढं ठेव. आधी जाऊन भावाशी समेट कर. मग ये आन् अर्पण कर.

"पाळकसाहेब," चतुराबाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा बरं."

पाळकाला आनंद झाला. आजवर त्याला कुणी पुन्हा वाच म्हटलं नव्हतं. त्यानं वाचलं.

"भावाच्या मनात म्हनतंय, का माझ्या मनात?"

"भावाच्या मनात."

"आन् माझ्या मनात आसलं तर?"

"त्याविषयी इथं काही म्हटलेलं नाही, मावशी."

"बगा की, खाली कुटं बारीक अक्षरात आसंल."

देऊळ हसलं. पाळकानं खरंच खाली बोट फिरवून बघितलं. "नाही, मावशी."

चतुराबाईचा चेहरा उतरला. कावून की सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं, तिचा सख्खा भाऊ बंकट नऊ वर्सं तिच्या उंबऱ्याला शिवला नव्हता. उज्ज्वलेच्या लग्नात मामा म्हणून मटणाची नळी बंकटच्या ताटात पडायला पाहिजे होती. चतुराबाईनं ती रामप्रसाद मास्तराला वाढली. बंकट भरल्या ताटावरनं उठला, आन् सावरमाळला निघून गेला तो गेलाच. नळीवरनं रुसलेला मामा म्हणून त्याचं नाव आष्टीच्या बाजारापतूर गेलतं. चतुराबाईनं नऊ वर्सं आपलंच दुखणं चाटलं. एका हाडापायी लेकीच्या लग्नातनं उठून जातो म्हणजे काय? त्याच्या मनात काय हाय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आन् आता पुस्तक नेमकं तेच विचारत होतं.

तिनं दावं वेदीच्या पायाला बांधलं, दोन गाठी मारल्या.

"हे काय करती?" पंच सुंदरराव पुढं झाले. देवळाच्या किल्ल्या त्यांच्या कंबरेला, म्हणून देऊळ बी आपलंच हाय अशी त्यांची समजूत. "बाहीर लिंबाला बांध त्याला."

"लिंबापुढं ठिव म्हनलंय, का वेदीपुढं?"

सगळ्यांनी पाळकाकडं बघितलं. पाळकानं पुस्तकात बघितलं. "वेदीपुढं," तो लई हळू म्हणाला.

"आगं पन बंकट आज ऊसतोडीला चाललाय," मागनं एक बाई ओरडली. "टोळीचा ट्रॅक्टर बाराला निघतोय सावरमाळवरनं. आता गेला की सा म्हैन्यांनी येतोय!"

सुंदररावांनी डोळे फाडले. "म्हंजी सा म्हैने बोकड हितंच?"

पण चतुराबाई तवर चपला हातात घेऊन रस्त्याला लागली होती.

सावरमाळ सहा किलोमीटर. साठी ओलांडलेली बाई, आन् निघाली ती वरातीपुढं नाचणाऱ्या घोडीवानी. पोटात भ्या होतं, पर पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. तिला राहून राहून एका गोष्टीचं नवल वाटत होतं. एसटी थांबत न्हाई. रेशनवाला थांबत न्हाई. आष्टीचा दाताचा डॉक्टर नंबर गेला की आत घेत न्हाई. आन् हा जगाचा धनी, त्याचा वर्साचा सण, माणसं नटूनथटून आलेली, फळं मांडलेली, आन् हा म्हणतो, माझं ऱ्हाऊ दे गं बाई, तू आधी भावाकडं जाऊन ये, मी हाय हितंच. असा देव असतोय का कुठं? तिला रस्त्यात एकटीलाच हसू आलं.

मागनं फटफटी आली. दूध घालून परतलेला अजिनाथ गवळी, दोन्ही बाजूंनी रिकामे कॅन खडखडत.

"मावशी, कुटं निगाली?"

"सावरमाळला. भावाशी समेट कराया. ने मला."

"बस. पर पाय कुटं ठिवशील?"

"डोक्यावर ठिवते तुज्या, तू हाल."

ती कॅनवर मांडी घालून बसली आन् अजिनाथच्या कॉलरला लगामावानी धरलं. अजिनाथनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी बोकड सोडून आली? त्याला कोन बगतंय?"

"देव बगतोय."

"देव बगंल गं, पर दावं कुनी धरलंय?" मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "आन् मावशी, ट्रॅक्टर तर बोरदऱ्यावरनंच जातोय की. देवळाच्या दारातनं. हितं मरायला कावून आली? तितंच हात केला असता."

चतुराबाईनं त्याची कॉलर आणखी आवळली. "जा म्हनलंय," ती म्हणाली. "वाट बगत बस म्हनलेलं न्हाई."

सावरमाळच्या पाराजवळ ट्रॅक्टर सुरू होऊन धडधडत होता. मागं दोन ट्रॉल्या. त्यात बाजा, पत्र्याच्या पेट्या, कोयत्यांची बोचकी, पाण्याचे ड्रम, डालग्यात कोंबड्या, एक कुत्रं, आन् ह्या सगळ्याच्या डोक्यावर बारा घरची माणसं. नारळ फुटला होता, चाकाला गुलाल लागला होता. मुकादम भागवत शिट्टी तोंडात घालणार, तेवढ्यात चतुराबाई ट्रॅक्टरपुढं हात पसरून उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा," भागवत म्हणाला. "कारखान्यावर सांजच्याला पोचायचंय."

"बंकटशी बोलायचंय. मग घाल अंगावर खुशाल."

बंकट मागच्या ट्रॉलीत कडब्यावर बसला होता. बहिणीला बघून त्यानं मान फिरवली आन् डोंगराकडं असा बघायला लागला जसा डोंगर आजच उगवलाय. त्याची बायको जानकीबाई दोघांच्या मधी.

"वहिनी, त्याला सांग, बहीन आलीय," चतुराबाई खालनं म्हणाली.

"जानके, तिला सांग, दिसतंय," बंकट वरनं.

"त्याला सांग, चुकलं माझं. नळी त्याचीच व्हती."

बंकट एकदम वळला. "नळी?"

"व्हय. मास्तराला वाढली ती चूक झाली."

"बगा रे," बंकट टोळीकडं बघत म्हणाला, "नऊ वर्सांनी बहीन आली आन् हाडूक घिऊन आली!" टोळी हसली. बंकट हसला न्हाई. "मी काय कुत्रं हाय का, हाडासाठी भुकाया?"

जानकीबाईनं तोंडाला पदर लावला. चतुराबाई गांगरली. नऊ वर्सं ज्याच्यावर भांडण उभं होतं ते हाडच कुणी काढून घेतलं.

"मग काय रं झालतं?"

"सदरा," बंकट म्हणाला.

तिला आठवलं. तिला कायम आठवत होतं, फक्त नळी वर ठेवली होती झाकणावानी.

"कारखान्यावरनं दोन दिस ट्रकात बसून आलतो," बंकट सगळ्यांना सांगायला लागला. "अंगावर जळल्या उसाची काजळी. म्हनलं, भाचीचं लगीन, मामा न्हाई तर वधूला देवळात कोन नेनार? आन् ह्या बाईनं मला घरामागं नेलं. शेळ्यांत. म्हनली, आदी हे घाल, पाव्हने बगत्यात. दुसऱ्या कुनाचा तरी सदरा. आन् सदरा बी कसा? माझ्या छातीच्या निम्मा! बटनं लावली की श्वास घेता येईना. तसाच चाललो पोरीचा हात धरून. वेदीपुढं तिच्या डोक्यावर हात ठिवायला गेलो, आन् काखंत टर्रकन्..."

टोळीला हसू आवरंना. भागवत मुकादमाच्या तोंडातली शिट्टी हसताना आपोआपच वाजली. चतुराबाईला बी आत कुठंतरी गुदगुल्या व्हायला लागल्या. तिनं ओठ दाबले. बंकटनं ते बघितलं, आन् त्याचीच मिशी हालली. मग ती दोघं बहीणभाऊ, एक वर एक खाली, डोळ्यातनं पाणी येस्तवर हसली. जानकीबाई म्हणाली, "ह्यांना याड लागलंय."

हसणं संपलं. ड्रायव्हरनं काय समजून घेतलं कुणास ठाऊक, इंजन बंद केलं.

"नळी म्हनू दिलं मी लोकांना," बंकट हळू म्हणाला. "नळीला लोक हसत्यात. सदऱ्याचं सांगितलं असतं तर कीव केली असती."

चतुराबाईनं मागंपुढं बघितलं न्हाई. "लाज वाटलती मला तुजी," ती म्हणाली. "मास्तराच्या दोन पेनांपुढं. माझ्याच आईच्या पोटचा, आन् मला वाटलं, काळा झालेला दिसू नये."

डालग्यातली कोंबडी तेवढी बोलली.

"आता काय करू सांग," चतुराबाई म्हणाली. "बोकड वेदीला बांधलंय. हे मिटल्याबिगर मला वाहता येईना."

"कुनी सांगितलं?"

"येशूनं."

"त्येला मेंढरं म्हाईत हायत. बोकडाची जात म्हाईत न्हाई. आत्तापतूर समदं देऊळ चरलं आसंल." बंकटनं डोकं खाजवलं. तो बी बाप्तिस्मा झालेला, पर टोळीच्या मागं फिरून देवळाची वाट मोडलेली. "मास्तर हाय तितं?"

"हाय. पुढच्या खुर्चीवर."

"मग येतो. ट्रॅक्टर तिकडनंच जातोय. पर ह्याच कापडात. आन् तू माझ्या मोहरं चालायचं न्हाई, मागं बी न्हाई. बरूबर."

चतुराबाई म्हणाली, "बरूबर."

"ए मुकादम, पाच मिन्टं थांबशील ना रं बोरदऱ्यात?"

"थांबतो," भागवत म्हणाला. "आता बोकड बगितल्याशिवाय कोन जातंय?"

चतुराबाईला वर ओढून कडब्यावर बसवलं. अजिनाथ फटफटीवर पुढं, पायलटावानी हॉर्न वाजवत. टोळीच्या पोरींनी मोठ्यांदा गाणं लावलं, कुत्रं भुंकायला लागलं, आन् चतुराबाई भावाशेजारी बसून उड्या खात निघाली. धक्क्याला दोघांची डोकी एकमेकांवर आपटत होती. पर जसजसं देऊळ जवळ यायला लागलं तसतशी ती कडब्याच्या काड्या मोडायला लागली. भावापुढं कबूल करणं सोपं होतं. ती टोळी होती, आपली माणसं. आता त्याला घेऊन खुर्चीपुढनं जायचं होतं.

देवळाच्या दारात ट्रॅक्टर थांबला. आत बघते तर अर्धं देऊळ रिकामं.

मागं काय झालं ते उज्ज्वलेनं तिला पळत येऊन सांगितलं. आई गेली. बोकडानं बाजरीची कणसं संपवली, झेंडूची माळ खाल्ली, मग पाळकाच्या उपदेशाचे कागद खाल्ले. पाळकानं म्हणे ते ओढून घ्यायला हात पुढं केला आन् मागं घेतला. कागद गेल्यावर त्याला बोलायला काही उरलं न्हाई, म्हणून तो खाली बसला. तेवढ्यात रांगेतनं एक म्हातारी उठली, आपली अंड्यांची टोपली वेदीपुढं ठेवली आन् जावेच्या घराकडं गेली. मग दोघं भाऊ उठले. मग आणखी एक जण. शेवटी किल्ल्यांचा आवाज करत सुंदरराव उठले. त्यांचं आन् शेजारच्या हरिबाचं बांधावरनं चार वर्सं बोलणं बंद. "कटकट हाय ह्या बाईची," म्हणत ते गेले, आन् अजून आले नव्हते. हरिबाच्या घराकडनं मोठ्या आवाजात भांडण ऐकू येत होतं. म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

रामप्रसाद मास्तर मात्र खुर्चीवर तसेच बसलेले, पाय वर घेऊन, कावून की बोकड आता त्यांच्या चपलेवर आलं होतं.

चतुराबाईनं बंकटचा हात धरला. त्याच्या अंगात ठिगळाचा शर्ट, डोक्याला फडकं, पायात टायरच्या चपला. दारात टोळीची डोकी एकावर एक रचलेली. ती दोघं बरोबर चालत खुर्चीपुढं आली. मास्तरांनी चष्मा वर केला.

"हे कोण?"

चतुराबाईचं तोंड उघडंना. गीत म्हणताना पत्रे हालवणारा आवाज, आन् आता कुठं गेला कुणास ठाऊक. तिनं बंकटकडं बघितलं. बंकट तिला मदत करणार नव्हता. तो नुसता उभा होता.

"ह्यो माझा भाऊ बंकट," ती म्हणाली. मग आवाज सापडला, आन् सापडला तो रस्त्यापतूर गेला. "उज्ज्वलेच्या लग्नात तुमी बगितला तो सदरा दुसऱ्याचा व्हता, मास्तर. मानूस ह्योच व्हता. मी झाकून ठिवलता."

मास्तर उठले. पायाखाली बोकड, म्हणून उठताना थोडे लडखडले. त्यांनी बंकटपुढं हात केला. "सलाम, पाव्हणे. तो सदरा माझ्या धाकट्याचा होता. माझ्याच पिशवीतून काढून दिला होता मी. तेव्हा मला कळायला पाहिजे होतं." मग थांबून म्हणाले, "घट्ट झाला असेल."

"मरन व्हतं," बंकट म्हणाला.

उज्ज्वला पुढं येऊन मामाच्या पाया पडली. ह्या वेळी त्यानं तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, खांदे पार वर करून, आन् काही फाटलं न्हाई.

पाळक वेदीपाशी आला. केस विसकटलेले, चष्म्यावर बोकडाचं नाक घासलेलं. "मावशी, हा उतारा मी आठ ठिकाणी सांगितला," तो म्हणाला. "लोक म्हणायचे, फार छान. आजवर एकही माणूस उठून गेला नव्हता."

"तुमी कुनाकडं जानार, पाळकसाहेब?"

पाळक लाल झाला. "बघू," म्हणाला. "आहे एकजण."

दोघा बहीणभावांनी मिळून दोन गाठी सोडल्या. गाठी बोकडानं इतक्या ओढल्या होत्या की बंकटला दात लावावे लागले. पाळकानं प्रार्थना केली, बारकी, कागद नसल्यानं नेमकी. दारातल्या टोळीनं बी हात जोडले, आपापल्या देवाला. आमेन म्हणायच्या आधीच ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.

बाहेर बंकट कडब्यावर चढला.

"मिटलं का रं?" चतुराबाईनं विचारलं.

"निम्मं."

"आन् निम्मं?"

"आल्यावर भांडू. समदं आजच मिटवलं तर गुढीपाडव्याला बोलायला काय ऱ्हाईल?"

ट्रॅक्टर हालला. चतुराबाई ओरडली, "पोचल्यावर फोन कर!"

"नंबर हाय कुटं तुझा?"

नऊ वर्सांत तिच्याकडं मोबाईल आला होता, त्याच्याकडं बी आला होता, आन् एकाचा नंबर दुसऱ्याकडं नव्हता. तिला स्वतःचा पाठ बी नव्हता. ती ट्रॉलीमागं पळायला लागली. उज्ज्वला मागनं आकडे सांगत होती, चतुराबाई ते ओरडत होती, ट्रॉलीतल्या बाया ते पुन्हा ओरडत होत्या आन् जानकीबाई बोटानं दाबत होती. "नऊ! सात! सात का साठ? सात!" शेवटचा आकडा वळणावर पोचला, आन् चतुराबाईच्या कंबरेतला फोन वाजला.

"हॅलो, कोन?"

"मी बोलतोय."

"मी कोन?"

"आगं वर बग की! दिसंना का?"

वळणावर ट्रॉलीच्या डोक्यावर एक माणूस हात हालवत होता. "दिसला," चतुराबाई फोनमधी ओरडली, "पर तू भाकरी खाल्ली का न्हाई ते सांगितलंच न्हाईस, तसाच पळालास, आन् तुझी ती सवय पहिल्यापसनं..."

"आता सुरू झाली बग," बंकट म्हणाला, आन् तो बी सुरू झाला. ट्रॅक्टर डोंगराच्या आड जाऊन रेंज गेली तवा भांडण ऐन रंगात आलं होतं.